हरवलेल्या पोराच्या टाळ्या

रविवारी साउथ बीचला जायचं नसतं. मायामीत राहणारी आम्ही माणसं जातच नाही. गाडी लावायला जागा मिळत नाही, पाण्याच्या बाटलीला सोन्याचा भाव, आणि अर्धी अमेरिका अंगाला तेल चोपडून वाळूत आडवी पडलेली. पापाला मी हे किती वेळा सांगितलं! पण आबेलार्दो स्कार्पाती ऐकतोय कुणाचं? पंचाहत्तरी उलटली, बायको गेली, गुडघे गेले, हट्ट तेवढा जागच्या जागी.

“तुमचा तो किनारा म्हणजे इस्पितळ आहे, सिल्विना,” तो म्हणाला. तुमचा म्हणजे आमच्या घराजवळचा, नॉर्थ बीचचा. “दोन छत्र्यांच्या मधे फुटबॉलचं मैदान मावेल. कुणी कुणाशी बोलत नाही. शेजारच्या बाईला बिस्किट दिलं तर तिने आधी पुड्यावरची तारीख वाचली! मला गर्दी दाखव गं, गर्दी!”

“गर्दीत काय करणार आहेस?”

“काही नाही. बसेन. तू कधीपासून एवढी सरकारी झालीस?”

त्याचं म्हणणं मला कळत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता. आम्ही मार देल प्लाताचे. जानेवारीत, म्हणजे अर्जेंटिनाच्या भर उन्हाळ्यात, आमच्या ब्रिस्तोलच्या किनाऱ्यावर टॉवेलला टॉवेल चिकटलेला असतो. शेजाऱ्याची वाळू आपल्या पावात आणि शेजाऱ्याचं भांडण आपल्या कानात. दुपारपर्यंत त्या भांडणात आपण न्यायाधीश, आणि संध्याकाळी त्यांची पोरं आपल्याला मामा म्हणायला लागतात. असा जन्म काढलेला माणूस इकडे येऊन छत्रीखाली एकटा बसला, तर त्याला इस्पितळच वाटणार.

आणि एकटेपण त्याने आधीच पुष्कळ भोगलं होतं. माझी आई, एल्विरा, सात वर्षांपूर्वी गेली. शेवटची सहा वर्षं ती सगळं विसरत गेली. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग आम्ही. तिचं खाणं, अंघोळ, रात्रीचं उठणं, सगळं पापाने एकट्याने केलं. मी इकडे अडकलेली. तेव्हा माझ्याकडे कागद नव्हते. गेले असते तर परत येता आलं नसतं. आईला मी शेवटपर्यंत फोनच्या पडद्यावर पाहिलं, तिला पुरलं तेही पडद्यावरच. त्या दिवशी मी ठरवलं, आता या माणसाला एकटं ठेवायचं नाही. पुढे मला कागद मिळाले, मी इथली नागरिक झाले आणि पहिलं काम काय केलं असेल, तर त्याला पाहुणा म्हणून बोलावलं आणि कायमचा ठेवून घ्यायला अर्ज टाकला.

वकीलबाईंनी एकच गोष्ट बजावली होती. “कागद हातात येईपर्यंत तुमच्या वडिलांनी पोलिसांच्या भानगडीत पडायचं नाही. छोटी अटकसुद्धा नको. नाहीतर विमानात बसवून देतील आणि पुन्हा आत घेणार नाहीत.” मी हसले होते. माझा बाप आणि अटक! जन्मभर ज्याने बटणं आणि कपड्यांच्या चेन विकल्या, आणि गिऱ्हाइकाला एखादं बटण जास्तच दिलं!

तर गेलो साउथ बीचला. गाडी कुठल्या कुठे लावली आणि चालत आलो. नारळीखालच्या फिरायच्या रस्त्यावर ही झुंबड. स्केटवाले, सायकलवाले, कुत्र्यांना चपला घालून फिरवणारे. पापाच्या काखेत थर्मास, हातात त्याच्या कडू हिरव्या चहाचा भोपळ्याचा कप. वाळू आणि रस्ता यांच्यामधल्या बुटक्या कठड्यावर तो ऐसपैस बसला आणि त्याचा चेहराच पालटला.

“आत्ता कसं!” तो म्हणाला. “बघ, त्या जाड्याचं बायकोशी वाजलंय. आणि ती तिघं पत्ते चुकीचे खेळतायत.”

“तू त्यांना शिकवायला जाऊ नकोस. मी पाणी घेऊन येते. इथून हलायचं नाही हं!”

“बरं, आई,” तो म्हणाला आणि नळीने चहा ओढायला लागला.

टपरीसमोर ही लांबच लांब रांग. माझ्या पुढचा एक महाभाग लिंबू किती पिळायचं यावर वाद घालत होता. तेवढ्यात मला टाळ्या ऐकू आल्या.

हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे किनाऱ्यावर पोर हरवलं, की ज्याला सापडेल तो त्याला खांद्यावर घेतो आणि टाळ्या वाजवत चालू लागतो. बघता बघता शेजारचे वाजवायला लागतात, मग त्यांच्या शेजारचे. अख्खा किनारा एका ठेक्यात टाळ्या वाजवतो. पोर वरून सगळ्यांना दिसतं, आवाज कुठून येतोय ते आईला कळतं आणि ती धावत येते. पोलीस नाही, भोंगा नाही. मी स्वतः लहानपणी अशी सापडले होते, आणि ज्याच्या खांद्यावर होते त्याच्या टकलावर आइस्क्रीम सांडून ठेवलं होतं. आईने आधी त्या माणसाचे मुके घेतले आणि मग मला एक ठेवून दिली. हे आम्हाला कुणी शिकवत नाही. टाळ्या ऐकल्या की हात आपोआप वर जातात.

खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. वाटलं, अरे, इथे आपलं कुणीतरी आहे! माझे हातसुद्धा वर गेले. आणि मग लक्षात आलं, इथे आपलं असं एकच माणूस होतं.

मी रांग सोडून धावले. पापाच्या खांद्यावर एक गोरं पोर होतं, तीनेक वर्षांचं, फक्त निळी चड्डी घातलेलं, रडून लालबुंद झालेलं. पापा डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत चालला होता. ऐटीत, गुडघ्यांचं दुखणं विसरून. आणि कुठे चालला होता? वाळूकडे नाही, रस्त्याकडे, कारण माणसं रस्त्यावर जास्त होती. पलीकडे गाड्यांची रांग. स्केटवाल्या दोन पोरी त्या तालावर नाचायला लागल्या. कुणीतरी “हॅपी बर्थडे!” म्हणून ओरडलं. चार माणसांनी हसत हसत टाळ्या धरल्या आणि सोडून दिल्या. कुणाला म्हणून काही कळत नव्हतं.

“पापा! खाली उतरव त्याला! पापा!”

त्याने मला पाहिलं आणि हसून मान हलवली. येते येते, आई येते याची, अशी.

आली. नळाखाली पाय धुवायला गेली होती म्हणे, आणि पोराला फावड्यावरून रागावली म्हणून ते रुसून पळालं होतं. “मेसन! मेसन!” करत ती आली, केस ओले, तोंड पांढरंफटक. पापाने वाकून पोर तिच्या हातात दिलं. मग तो सरळ झाला आणि गाल थोडा पुढे करून उभा राहिला. आमच्याकडे आई मुका घेते ना. ती किंचाळली. “हा माझ्या मुलाला घेऊन चालला होता! पकडा त्याला!” पापाला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. त्याला वाटलं, बाई आनंदाने रडतेय. त्याने तिच्यासाठी पुन्हा टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात उघड्या अंगाच्या दोन तगड्या पोरांनी त्याला मागून धरलं आणि फरशीवर पालथा पाडला.

मी पोचेपर्यंत एकाचा गुडघा त्याच्या पाठीवर होता. “अरे मेल्यांनो, म्हातारा माणूस आहे तो!” मी स्पॅनिशमध्ये ओरडले, मग इंग्रजीत ओरडले. फोन घेऊन चित्रण करणारे सगळे, पुढे एकही नाही. पापाच्या हनुवटीतून रक्त येत होतं. तो मला विचारत होता, “पोर सापडलं ना त्यांचं? मग हे का चिडलेत?”

पोलीस आला. उंच, तरणा, शांत. आवाज चढवला नाही, हे मी कबूल करते. पापाला कठड्यावर बसवलं, हात मागे घेऊन बेड्या घातल्या. छत्र्या भाड्याने देणारा लासारो नावाचा एक क्यूबन पुढे झाला, म्हणाला, मी सांगतो हा काय म्हणतोय ते.

“पोर हरवलं होतं, असं म्हणतो. म्हणून टाळ्या वाजवत होता.”

“हरवलं होतं तर टाळ्या कशाला?” पोलीस म्हणाला.

लासारोने पापाला विचारलं. पापाने सांगितलं. लासारोने डोकं खाजवलं. “म्हणतो, टाळ्या वाजवल्या की आई येते.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी म्हणाले, “साहेब, खरं आहे ते. आमच्या देशात असंच करतात. सगळेच करतात. तुम्ही फोनवर बघा हवं तर.”

“बाई, तो मुलाला खांद्यावर टाकून गाड्यांच्या दिशेने निघाला होता. जीवरक्षकाचा मनोरा मागे राहिला होता. त्याला दिसला नाही?”

“त्याला तो कशाला हवा? त्याला वाटलं...”

“मला तक्रार द्यायची आहे,” ती आई म्हणाली. पोर तिच्या मानेला घट्ट चिकटलेलं. तिच्यावर मला रागावताही येईना. माझं पोर असतं तर मी त्या म्हाताऱ्याचे डोळे काढले असते.

“यांना ठाण्यावर न्यावं लागेल,” पोलीस म्हणाला. “पारपत्र आहे? इथे कायमचे राहतात?”

पायाखालची वाळू सरकली म्हणतात ना, तसं झालं. वकीलबाईंचा आवाज कानात वाजायला लागला. मला विमान दिसलं, मार देल प्लाताचं रिकामं घर दिसलं, आणि मी पुन्हा फोनच्या पडद्यासमोर. नाही. एकदा झालं तेवढं बस. मी काय बोलतेय ते मला चांगलं ठाऊक होतं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच बोलेन.

“साहेब, त्याला अल्झायमर आहे,” मी म्हणाले. “त्याला काहीच कळत नाही. तो कुठे आहे तेही त्याला माहीत नाही. चूक माझी, मी त्याला एकटं सोडलं.”

मी इंग्रजीत बोलले. पण तो मेला शब्द दोन्ही भाषांत सारखाच. पापाची मान झटकन वर आली.

पोलिसाचा चेहरा मात्र लगेच बदलला. त्या आईचाही. लासारो पुटपुटला, “अरेरे, म्हणून त्या टाळ्या.” बघा! खरं सांगितलं तेव्हा कुणाला पटलं नाही, आणि हे एका दमात पटलं.

पोलिसाने आपल्या सोबतीण पोलीसबाईला हाक मारली. डेल्गाडो तिचं नाव, घरात स्पॅनिश बोलत वाढलेली. ती पापासमोर उकिडवी बसली आणि मोठ्याने, सावकाश, बालवाडीतल्या बाईसारखी बोलायला लागली.

“आजोबा, मी तुम्हाला दोन-तीन प्रश्न विचारणार आहे हं. घाबरायचं नाही. आज कोणता वार?”

पापाने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी गयावया केली. मला वाटलं, संपलं. हा माणूस विमानतळावरच्या कस्टमवाल्यालासुद्धा खिशातलं सफरचंद आपणहून काढून दाखवणारा. हा म्हणणार, रविवार, आणि माझी पोरगी खोटं बोलतेय.

त्याने माझ्यावरून नजर काढली. मग त्याचा खालचा ओठ सैल झाला आणि मान एका बाजूला कलली.

“सोमवार असेल,” तो म्हणाला. “दुकान उघडायचंय. एल्विरा कुठे गेली?”

“बरं, बरं. आणि आपण आत्ता कुठे आहोत?”

“ब्रिस्तोलला.” त्याने समुद्राकडे पाहिलं. “वारा सुटलाय. घरी जायला हवं.”

हा आवाज त्याचा नव्हता. ती मान, तो ओठ, वारा सुटलाय म्हणणं, सगळं आईचं होतं. सहा वर्षं डॉक्टर आईला हेच विचारत आले आणि तो शेजारी बसून ऐकत आला. त्याला परीक्षा पाठ होती, आणि नापास कसं व्हायचं तेही पाठ होतं.

“शाब्बास,” डेल्गाडो म्हणाली. तिने माझ्या खांद्याला हात लावला. “आणि आजोबा, ही कोण?”

पापाने मला वरून खालपर्यंत पाहिलं. डोळे स्वच्छ होते. इतके स्वच्छ डोळे मी त्याचे कधी पाहिले नव्हते.

“या बाई?” तो म्हणाला. “नाही हो. मी यांना ओळखत नाही.”

डेल्गाडोने पोलिसाकडे बघून मान हलवली. बेड्या काढल्या. माझं ओळखपत्र पाहिलं, आडनाव जुळवलं, फोनमधले फोटो पाहिले. मी रडत होते आणि सगळ्यांना वाटत होतं, बापाने ओळखलं नाही म्हणून बिचारी रडतेय. ती आई पुढे आली. तक्रार नको म्हणाली. तिची आजी अशीच गेली होती म्हणे. तिने पापाचा हात हातात घेतला, माफी मागितली आणि वाकून त्याच्या गालाचा मुका घेतला. पापा तिच्याकडे बघून गोड हसला. तेही आईचंच हसणं होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

जाताना डेल्गाडोने जीवरक्षकाच्या मनोऱ्यावरून एक नारिंगी पट्टी आणली. किनाऱ्यावर लहान पोरांच्या मनगटाला बांधतात ती. तिच्यावर माझा फोन नंबर लिहिला आणि पापाच्या मनगटाला चिकटवली.

“यांना एकटं सोडायचं नाही हं,” ती मला म्हणाली. भली बाई. मनापासून म्हणाली.

गाडीपर्यंत तो माझ्या पुढे चालत गेला. थर्मास तिथेच राहिला, दोघांच्याही लक्षात आलं नाही. गाडी सुरू केली तेव्हा मला वाटलं, आता हसेल. म्हणेल, काय नाटक वठवलं मी! लहानपणी मास्तरांच्या नकला करून आम्हाला हसवायचा, तसा. मी वाट बघत राहिले. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

“पापा, तुला घेऊन गेले असते रे. परत पाठवलं असतं. वकीलबाई म्हणाल्या होत्या.”

“हं.”

“दुसरं काही सुचलंच नाही मला. खरं सांगितलं होतं मी आधी. ऐकलंस ना? त्यांना पटलं नाही त्याला मी काय करू?”

“सिग्नल हिरवा झालाय,” तो म्हणाला.

घरी आल्यावर मी त्याची हनुवटी धुतली, औषध लावलं. त्याने लावू दिलं. मग मी कात्री आणली.

“हात दे.”

त्याने हात मागे घेतला. “राहू दे.”

“राहू दे काय? पोरांची पट्टी आहे ती, पापा! लोक हसतील. तू काय हरवलेला आहेस?”

तो खुर्चीत बसला. बोलायला लागला तेव्हा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा.

“तुझी आई मला विचारायची, हे गृहस्थ कोण. रोज संध्याकाळी. आपल्या शेजारी राहणाऱ्या त्या चिलोताने तिला एकदा वेडी म्हटलं. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. डॉक्टरने कागदावर तो शब्द लिहिला, तर मी डॉक्टरशी भांडलो. म्हटलं, दमलीय हो ती. सहा वर्षं मी लोकांना सांगत होतो, एल्विरा शहाणी आहे. ती नव्हती, सिल्विना. मला माहीत होतं. पण माझ्यासमोर कुणाला मी ते बोलू दिलं नाही.”

मी कात्री ड्रॉवरमध्ये टाकली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

पुढच्या रविवारी सकाळी मी मुद्दाम हसऱ्या तोंडाने म्हणाले, “पापा, पाव संपलाय. तू कोपऱ्यावरून घेऊन ये ना, पाय मोकळे होतील.” तिथल्या बेकरीवाल्याशी त्याची फार गट्टी. रोज एकटाच जायचा आणि तासभर गप्पा छाटून यायचा.

त्याने टोपी घातली, दार उघडलं आणि उंबऱ्याशी उभा राहिला. मग माझ्याकडे वळून पट्टीचा हात पुढे केला, रस्ता ओलांडताना पोर करतं तसा.

“चल,” तो म्हणाला. “मला एकट्याला सोडायचं नाही, असं सांगितलंय ना तुला.”

मी चेष्टा शोधत त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. रागही नव्हता. खाली रस्त्यावरून माणसं समुद्राकडे निघाली होती, छत्र्या, पोरं, बर्फाच्या पेट्या घेऊन.

मी त्याचा हात धरला. दुसरं काय करणार होते?